नव्या सॉफ्टबॉल-बेसबॉल पंचासाठी: मैदानावरचा वाद कसा हाताळावा

मराठवाड्यात सॉफ्टबॉल किंवा बेसबॉलचा सामना म्हणजे बहुतेक वेळा शालेय स्पर्धा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नाहीतर जिल्हा संघाची निवड चाचणी. टीव्ही नसतो, बक्षिसाची मोठी रक्कम नसते, तरी पहिल्या बेसवरच्या एका 'आऊट'वरून मैदान डोक्यावर घेतलं जातं. याचं कारण नव्या पंचाने आधी समजून घ्यावं. त्या निर्णयावर एखाद्या मुलीची विभागीय स्पर्धा अडकलेली असते. पुढे दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण असतात, आणि वरच्या पातळीपर्यंत पोचलेल्या खेळाडूसमोर शासकीय नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण असतं. तावातावाने तुमच्याकडे येणारे पीटी सर वर्षभर सकाळी मुलांना गोळा करून, जुन्या ग्लोव्हजना दोरे घालून तो संघ उभा करतात. त्यांचा राग खरा असतो. तो राग खरा आहे असं धरूनच पुढचं सगळं वाचा.

परीक्षा देऊन आलेल्या नव्या पंचाला नियम येत असतात. अडचण येते ती कोणीतरी अंगावर धावून आल्यावर. त्या क्षणी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा वाद मी काय पाहिलं याबद्दल आहे, की नियम काय सांगतो याबद्दल? उत्तर मिळालं की पुढे काय बोलायचं, कोणाला विचारायचं, निर्णय बदलायचा की नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं.

सामन्याआधीची पंधरा मिनिटं

निम्मे वाद इथेच मिटतात. आपल्याकडे कुंपण असलेलं सॉफ्टबॉलचं मैदान क्वचितच मिळतं. बहुतेक ठिकाणी क्रिकेटच्या मैदानावर फक्की मारून डायमंड (चार बेसचा चौकोन) आखतात. एका बाजूला मंडप, दुसऱ्या बाजूला लावलेल्या मोटारसायकली, आउटफिल्डमध्ये लिंबाचं झाड, आणि पलीकडे त्याच वेळी खो-खोचा सामना. चेंडू मंडपात गेला तर काय? झाडाला लागून खाली आला तर? गाडीखाली अडकला तर? दोन्ही संघांच्या मार्गदर्शकांना आणि कर्णधारांना सोबत घेऊन मैदानाला एक फेरी मारा आणि चेंडू कुठून पुढे 'डेड' (खेळाबाहेर) होतो ती रेषा बोटाने दाखवून ठरवा. सॉफ्टबॉलमध्ये फेकलेला चेंडू या रेषेबाहेर गेला, तर तो फेकणाऱ्याच्या हातून सुटला त्या क्षणी रनर (बेसवरून पळणारा खेळाडू) जिथे होता तिथून दोन बेस मिळतात. हे तेव्हाच मोठ्याने सांगून टाका. सामन्यात सांगितलं तर तोच नियम पक्षपात वाटतो.

टेप लावून अंतर मोजा. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. खुल्या गटात पिचिंगचं (बॅटरकडे चेंडू टाकण्याचं) अंतर महिलांसाठी ४३ फूट आणि पुरुषांसाठी ४६ फूट. बेसबॉलमध्ये बेसमधलं अंतर ९० फूट आणि पिचिंगचं ६० फूट ६ इंच. लहान वयोगटाचं अंतर स्पर्धेच्या नियमावलीत बघून घ्या. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत बेस आणि पिचिंग प्लेट सरकतात, म्हणून ती नीट ठोकलीत का हेही बघा. तिसऱ्या इनिंगला "पिचर पुढून टाकतोय" अशी तक्रार आली, तर तुमच्याकडे मोजलेलं उत्तर पाहिजे.

याच वेळी तीन गोष्टी स्पष्ट करा. स्पर्धा कोणत्या नियमावलीने खेळवली जातेय. मोठ्या आघाडीवर सामना कधी संपवायचा आणि वेळेची मर्यादा काय. आणि पंचांशी कोण बोलणार. मी नेहमी सांगतो, "निर्णयाबद्दल फक्त सर किंवा कर्णधार बोलतील, बाकी कोणी नाही." हे एक वाक्य पुढे पन्नास वाक्यं वाचवतं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. आपले बहुतेक पंच स्वतः क्रीडा शिक्षक किंवा माजी खेळाडू असतात. तुमची शाळा, तुमचं कॉलेज किंवा घरातलं लेकरू त्या सामन्यात खेळत असेल, तर पंच नेमणाऱ्याला आधीच सांगा आणि दुसऱ्या मैदानावर जा. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, पहिल्या जवळच्या निर्णयाला "गाववाला आहे म्हणून दिला" हे ऐकू येणारच, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल. त्याच कारणाने सामन्यांच्या मधल्या वेळेत एकाच संघाच्या मंडपात बसून चहा घेऊ नका.

निर्णय असा द्या की वाद उठूच नये

पंच कुठे उभा होता हे सगळं मैदान बघत असतं. दुरून दिलेला बरोबर निर्णयही कोणी मानत नाही, योग्य जागेवरून दिलेला अवघड निर्णय लोक कुरकुरत का होईना मान्य करतात. जवळ जाण्यापेक्षा कोन महत्त्वाचा. पहिल्या बेसवर फेक ज्या रेषेत येतेय तिला साधारण काटकोनात राहा, पंधरा-अठरा फुटांवर थांबा आणि स्थिर व्हा. पळता पळता पाहिलेलं डोळ्यांत नीट बसत नाही. नजर बेसवर आणि रनरच्या पायावर, कान ग्लोव्हजच्या आवाजाकडे.

मग थांबा. नव्या पंचाची सगळ्यात मोठी घाई इथेच होते. चेंडू ग्लोव्हजमध्ये आला की हात वर जातो आणि पुढच्याच क्षणी चेंडू खाली पडतो. चेंडू पक्का धरलाय हे दिसू द्या, पाहिलेलं मनात एकदा फिरवा आणि मग बोला. सहज दिसणाऱ्या निर्णयाला साधा आवाज पुरतो. निसटत्या निर्णयाला आवाज खणखणीत आणि हाताची खूण ठाम हवी. तिथे आवाज चाचरला की दोन्ही मंडपांतले लोक उठून उभे राहतात.

होमप्लेटमागे उभं राहिलात तर स्ट्राईक झोन (ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू स्ट्राईक धरतात तो) पहिल्या इनिंगपासून शेवटपर्यंत एकच ठेवा. थोडा मोठा-लहान असला तरी खेळाडू जुळवून घेतात. पाचव्या इनिंगला तो बदलला तर कोणीच सहन करत नाही, आणि त्यांचं बरोबर असतं.

वाद उठला: पहिले काही क्षण

सर मंडपातून ओरडत निघाले तरी तुमची नजर चेंडूवर आणि रनरवर पाहिजे. चेंडू अजून जिवंत असतो. पहिल्या बेसवर सगळे भांडत असताना तिसऱ्या बेसवरची मुलगी शांतपणे होमप्लेटवर येऊन रन करून जाते, आणि मग एकाचे दोन वाद होतात. खेळ थांबला, कोणी पुढे पळत नाही, हे दिसल्यावरच दोन्ही हात वर करून 'टाइम' द्या. त्याआधी कोणाशीही बोलू नका.

प्लेट अंपायरने मास्क डाव्या हाताने काढावा, उजवा हात खुणेसाठी मोकळा राहतो. मास्क घालून वाद ऐकणं समोरच्याला अपमानासारखं वाटतं.

सरांना तुमच्यापर्यंत येऊ द्या, तुम्ही त्यांच्याकडे चालून जाऊ नका. छातीला छाती लावून उभं न राहता थोडं बाजूला वळून उभं राहा, म्हणजे दोघांचीही तोंडं मैदानाकडे राहतील. हाताची घडी नको, कमरेवर हात नको, बोट दाखवणं तर नकोच. समोरचा कितीही चिडला तरी अंगाला हात लावू नका, समजूत घालण्यासाठी खांद्यावरही नको.

आता ऐका. पहिली दहा-पंधरा सेकंदं मधे बोलू नका. "काय निर्णय देऊलालाव सर तुम्ही! पोरीचा पाय आधी पडला की!" हे पूर्ण बोलून झालं की निम्मी वाफ गेलेली असते. मग हळू आवाजात विचारा, "सर, नेमकं काय म्हणायचंय? पाय आधी पडला असं, की तिने बेस सोडला असं?" या प्रश्नाने दोन गोष्टी साधतात. समोरचा ओरडण्याकडून सांगण्याकडे वळतो, आणि वाद नजरेचा आहे की नियमाचा हे तुम्हाला कळतं.

खेळाडू स्वतः भांडायला आला तर लांब उत्तर देऊ नका. "बाळा, तू बेसवर जा. सरांना बोलायचं असेल तर ते येतील." चौदा वर्षांच्या मुलाशी नियमावर चर्चा करणं किंवा त्याला सगळ्यांसमोर झापणं, दोन्ही चूक. मात्र मूल रडत असेल तर त्याला अर्धा मिनिट द्या, खेळ तेवढ्याने काही बुडत नाही. होमप्लेटवर माती आली असेल तर ब्रश काढून ती शांतपणे पुसा. मिळालेला तो वेळ सगळ्यांच्याच कामी येतो.

नजरेचा निर्णय

बॉल की स्ट्राईक, फेअर की फाऊल (चेंडू रेषांच्या आत की बाहेर), सेफ की आऊट. हे पंचाच्या नजरेचे निर्णय आणि ते अंतिम असतात. बेसबॉलच्या अधिकृत नियमांतही तसं स्वच्छ लिहिलंय. इथे तुमचं उत्तर एका वाक्याचं असावं आणि त्यात तुम्ही काय पाहिलं ते यावं: "सर, चेंडू ग्लोव्हजमध्ये आधी आला, पाय नंतर पडला, असं मी पाहिलं." एवढंच. "अंदाजे आऊट वाटला" म्हणू नका. "टाय झाला" तर कधीच म्हणू नका. तो शब्द उच्चारलात की समोरचा "टाय म्हणजे रनरला" असं म्हणत दहा मिनिटं उभा राहतो. दोहोंपैकी काहीतरी आधी झालंय, ते ठरवणं हेच तर आपलं काम.

मोबाईलवरचा व्हिडिओ आता प्रत्येक वादात येतो. पालक स्क्रीन पुढे करतात. तो बघू नका, नम्रपणे नाही म्हणा. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २०१४ पासून पंचांचे बरेचसे निर्णय व्हिडिओवर तपासतात, पण त्यासाठी मैदानभर कॅमेरे असतात आणि न्यूयॉर्कमध्ये बसलेले पंच ते सगळ्या कोनांतून बघतात. मंडपातून तिरप्या कोनात घेतलेल्या एका क्लिपमध्ये पाय आणि चेंडू यांतलं अंतर खरं दिसत नाही. शिवाय एका संघाचा व्हिडिओ पाहिलात की दुसऱ्या संघाचाही पाहावा लागेल. तुमच्या स्पर्धेच्या नियमांत व्हिडिओ नसेल तर मैदानातही नाही.

नियमाचा वाद

इथे मात्र सरांचं म्हणणं बरोबर असू शकतं, आणि चूक सुधारायची वेळ तीच असते. नियमावली किटमध्ये ठेवा. पुढचे प्रसंग आपल्याकडे वारंवार येतात, ते पाठ करून ठेवा.

इनफिल्ड फ्लाय. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, किंवा तिन्ही बेस भरलेले, आणि दोनपेक्षा कमी आऊट असतील, आणि इनफिल्डरला सहज झेलता येईल असा उंच फेअर चेंडू गेला (बंट, म्हणजे बॅट न फिरवता हळूच ढकललेला चेंडू, किंवा सरळ रेषेत गेलेला फटका नव्हे), तर झेल सुटला तरी बॅटर आऊट. वाद होतो तो पुढे. झेल सुटल्यावर रनर घाबरून पळतात. बॅटर आऊट झाल्यामुळे त्यांना पळायची सक्ती राहिलेली नसते, पळाले तर स्वतःच्या जबाबदारीवर, आणि त्यांना बाद करायला टॅग (चेंडू हातात धरून रनरला स्पर्श) लागतो. चेंडू हवेत असतानाच हात वर करून मोठ्याने सांगा, म्हणजे हा वाद होत नाही.

तिसरी स्ट्राईक कॅचरकडून सुटली. पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन आऊट असतील, तरच बॅटर पळू शकतो. पहिल्या बेसवर रनर आणि दोनपेक्षा कमी आऊट असतील तर तो बाद, कितीही पळाला तरी.

हात म्हणजे बॅट नाही. बॅट धरलेल्या हाताला चेंडू लागला की चेंडू डेड. बॅट फिरवली असेल तर स्ट्राईक. "हात बॅटचाच भाग असतो" हे वाक्य जुने खेळाडूही ठामपणे सांगतात, त्यांना नियम काढून दाखवा.

फेअर-फाऊल चेंडूच्या जागेवरून ठरतं, फिल्डरचे पाय कुठे आहेत यावरून नाही. आणि होमप्लेट फेअर भागात येते.

सॉफ्टबॉलचा दुहेरी पहिला बेस. तिथे खेळ होत असताना रनरने रंगीत भागावर पाय द्यायचा, पांढरा भाग फिल्डरचा. रनरने फक्त पांढऱ्याला स्पर्श केला आणि विरुद्ध संघाने वेळेत अपील केलं तर आऊट. अपील झालं नाही तर तुम्ही स्वतःहून काहीही देऊ नका.

पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधी रनरने बेस सोडला तर सॉफ्टबॉलमध्ये रनर आऊट आणि ती पिच (पिचरने टाकलेला चेंडू) धरत नाहीत. बेसबॉलमध्ये असं नाही. क्रिकेट सोडून थेट बेसबॉलकडे आलेल्या मुलांचा आणि दोन्ही खेळ खेळणाऱ्यांचा इथे कायम गोंधळ होतो.

यांपैकी कशात तुमचीच गल्लत झाल्याचं लक्षात आलं, तर पुढची पिच पडायच्या आत सुधारा. दोन्ही मार्गदर्शकांना एकत्र बोलवा, नियम सांगा, रनर कुठे राहतील ते सांगा. यात पंचाची प्रतिष्ठा जात नाही. चुकीचा नियम रेटून नेल्यानेच ती जाते.

समजावूनही सर मान्य करत नसतील, तर त्यांना हरकत नोंदवायचा हक्क आहे. आपल्याकडे त्याला सगळे 'प्रोटेस्ट'च म्हणतात. नजरेच्या निर्णयावर प्रोटेस्ट चालत नाही, नियमाच्या चुकीच्या वापरावर चालतो, आणि सॉफ्टबॉलमध्ये तो पुढच्या पिचच्या आधी सांगावा लागतो. सरांनी तसं म्हटलं की चेहरा पाडू नका. स्कोअररला जागच्या जागी लिहायला सांगा: इनिंग, आऊट किती, काऊंट (बॉल-स्ट्राईक किती) काय, कोणत्या बेसवर कोण, निर्णय काय आणि हरकत कशावर. दुसऱ्या संघालाही कळवा आणि खेळ पुढे न्या. निकाल तांत्रिक समिती देईल. वयाचा दाखला, खेळाडूची पात्रता हे विषयही त्यांचेच. "हा पोरगा सतरा वर्षांचा नाहीच" हा वाद मैदानात ऐकत बसू नका, आयोजकांकडे पाठवा.

सोबतच्या पंचाला कधी विचारायचं

तुमची नजर अडली असेल तर. फिल्डरची पाठ मधे आली, पहिल्या बेसवरचा पाय सुटल्याचा संशय आहे, टॅग लागला की नुसता हात फिरला हे दिसलं नाही, चेंडू आधी बॅटरच्या पायाला लागला का ते कळलं नाही. अशा वेळी दोघांनी खेळाडूंपासून दूर उभं राहून हळू बोलायचं आणि ज्याने आधी निर्णय दिला त्यानेच अंतिम निर्णय जाहीर करायचा. अर्धवट फिरवलेल्या बॅटवर कॅचरने विचारायला सांगितलं तर बेस अंपायरला विचारा, त्यात कमीपणा नाही.

केवळ सर जास्त ओरडतात म्हणून मात्र विचारू नका. एकदा तसं केलंत की प्रत्येक निर्णयाला "त्या सरांना विचारा" सुरू होतं. उलट बाजूही सांभाळा: तुम्हाला विचारलेलं नसताना सोबत्याचा निर्णय लांबून बदलू नका, मान हलवूनसुद्धा नापसंती दाखवू नका.

मर्यादा ओलांडली तर

"निर्णय चुकला" हे ऐकून घ्यावं. "पैसे घेतले" हे ऐकून घेऊ नये. निर्णयावरची नाराजी आणि तुमच्या प्रामाणिकपणावरचा घाव यांत फरक करा. मंडपातून आलेली एखादी आरोळी कानाआड करा. ती पुन्हा पुन्हा येत असेल तर त्या दिशेला एकदा बघा आणि सरांना म्हणा, "ऐकलं मी, आता पुरे." तरीही चालू राहिलं तर स्पष्ट ताकीद द्या, ताकीद दिल्याचं सोबत्याला आणि स्कोअररला सांगा. त्यानंतर मैदानाबाहेर. ताकीद देऊन ती पाळली नाही तर पुढच्या सामन्यात तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही.

काही गोष्टींना ताकीदही नको, थेट बाहेर: आईबहिणीवरून शिवी, जातीवरून शब्द, पंचाला किंवा प्रतिस्पर्ध्याला ढकलणं, रागाने बॅट किंवा हेल्मेट फेकणं. हे सांगताना आवाज चढवू नका. "सर, तुम्ही मैदानाबाहेर जा. सामना तुम्ही गेल्यावर सुरू होईल." एकदा सांगून मागे वळा. पुढे समजूत काढायचं काम सोबत्याचं आणि आयोजकांचं.

प्रेक्षकांशी पंचाने अजिबात बोलू नये. ते रेषेच्या आत आले तर खेळ थांबवा आणि आयोजकांना बोलवा. मैदान रिकामं होईपर्यंत पिच नाही.

खेळ पुन्हा सुरू

वाद संपला की लगेच 'प्ले'. चर्चेच्या शेपट्या राहू देऊ नका. उन्हाचा सामना असेल आणि सगळ्यांचीच डोकी तापली असतील तर आधी दोन मिनिटं पाण्यासाठी द्या, मार्च-एप्रिलच्या निवड चाचण्यांत याचा फार उपयोग होतो.

आणि भरपाईचा निर्णय कधीही देऊ नका. आपण मघाशी यांच्यावर अन्याय केला असं वाटून पुढचा निसटता निर्णय त्यांच्या बाजूने देणं म्हणजे एका चुकीनंतर जाणूनबुजून दुसरी करणं. ज्या संघाने काहीच केलं नाही त्याच्या मुलांना तुम्ही शिक्षा देता.

मोठ्या पंचांच्याही चुका होतात. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गॅलारागा हा पिचर सलग २६ बॅटर बाद करून परफेक्ट गेमपासून (विरुद्ध संघाचा एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना) एक आऊट दूर होता. पहिल्या बेसवरचे पंच जिम जॉयस यांनी सत्ताविसाव्याला सेफ दिलं. सामन्यानंतर व्हिडिओ पाहून जॉयस यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली, गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ते प्लेटमागे उभे होते आणि संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला गॅलारागाच आला. चूक कबूल करून दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर काम करता येतं, हे नव्या पंचाने लक्षात ठेवावं.

सामन्यानंतर

शेवटचा आऊट झाला की दोघे पंच एकत्र बाहेर पडा. रेंगाळू नका आणि कोणी विचारलं तरी सामन्यातल्या निर्णयांवर उभ्या उभ्या चर्चा नको. थोड्या वेळाने, डोकं शांत झाल्यावर, सोबत्याशी बोला: मी कुठे उभा होतो, तुला काय दिसलं.

कोणाला बाहेर काढलं असेल किंवा प्रोटेस्ट झाला असेल तर अहवाल मैदान सोडायच्या आत लिहा. घरी जाऊन लिहिलेल्या अहवालात शब्द बदलतात. तारीख, मैदान, दोन्ही संघ, इनिंग आणि स्कोअर, घडलं त्याच क्रमाने. जो शब्द उच्चारला गेला तो जसाच्या तसा लिहा, 'अर्वाच्य भाषा वापरली' एवढ्याने समितीला काही कळत नाही. तुमचं मत, राग, शिक्षा काय व्हावी याचा सल्ला, काहीही घालू नका. दोघांच्या सह्या करून तांत्रिक समितीच्या प्रमुखांकडे द्या आणि देण्याआधी मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.